एकाच फोनवरच्या तीन मुली

तिरुप्पूरच्या त्या बनियन कारखान्यात "सेल्वी!" अशी हाक मारली, तर शिलाईच्या अर्ध्या रांगेच्या माना वळत. तमिळ रीतीप्रमाणे आडनावं नाहीत; नावाआधी बापाच्या नावाचं एक अक्षर, तेही पुष्कळजणींचं सारखंच. पगार विभाग सांभाळणाऱ्या पूंगोदैनं एका सेल्वीचा पगार दुसरीच्या खात्यात गेल्यावर होणारी रडारड पुरेपूर पाहिली होती.

म्हणून नवं सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, "प्रत्येक कामगार कशावरून ओळखायचा? दोघांचं कधीच सारखं नसेल असं काहीतरी सांगा," तेव्हा तिला घाईनं उत्तर देववेना. टोकनचा आकडा चालणार नव्हता. सोडून गेलेल्याचं टोकन लगेच नव्या माणसाच्या गळ्यात पडायचं. आधारचा आकडा जागोजागी वापरायला मालकांच्या वकिलानं मनाई केलेली. शेवटी ती म्हणाली, "मोबाइल नंबर."

व्यवस्थापक पळनिसामी खूश झाले. "बघा, आमच्या पूंगोदैचं डोकं!"

ती हसली, पण मनाला स्वस्थता नव्हती. काहीतरी राहिलंय असं तिला जेवतानाही वाटत राही. दहीभाताचा घास हातात तसाच राहायचा.

काय राहिलं होतं ते पुढच्याच आठवड्यात कळलं. ओडिशातल्या रायगडाहून आलेली झुनू नावाची मुलगी यंत्रावरच पोट धरून कोसळली. तिच्याबरोबर त्याच दिवशी कामाला लागलेली तिची गाववाली साबित्री रडत पगार विभागात आली. पूंगोदैनं दोघींना गाडीत घातलं आणि विम्याचा दवाखाना गाठला.

खिडकीतल्या बाईनं झुनूचं नाव शोधलं. "अशी कुणी नाहीच."

"नाही कशी? तुमच्याकडे यादी मीच पाठवलीय."

"फोन नंबर सांगा." साबित्रीनं सांगितला. "हां, या नंबरावर आहे ना! साबित्री," बाई म्हणाली.

पूंगोदै वळली. "साबित्री, हा नंबर कुणाचा गं?"

"माझा, अक्का. झुनूकडे फोन नाही, आमच्याबरोबर आलेल्या कुंतलाकडे पण नाही. तिघींनी माझाच दिला."

म्हणजे नंबर एक, तर माणूसही एकच, असं सॉफ्टवेअरनं धरलं होतं. झुनूवर कुंतला लिहिली गेली, कुंतलावर साबित्री. तीन मुलींची एक मुलगी झाली होती, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

झुनू बाकावर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स सुजलंय, फार थांबता येणार नाही. खिडकीतल्या बाईला दया आली. "अहो अम्मा, साबित्री म्हणूनच दाखल करते. तिच्या रक्ताचा अहवालही इथंच आहे, सगळं ठीक आहे. सही करा, लगेच आत घेतील."

पूंगोदैनं पळनिसामींना फोन लावला. "करून टाक की!" ते ओरडले. "पोरगी वाचण्याशी मतलब. नाव नंतर बघू. नोंदी गायब झाल्याचं बाहेर कळलं तर मालक माझी सालटी काढतील, आणि मी तुझी!"

तिनं पेन हातात घेतलं. तेवढ्यात साबित्रीनं तिचं मनगट धरलं. "अक्का, तो अहवाल माझा आहे. झुनूच्या रक्तात सिकलसेल आहे. गावात डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, भूल देण्याआधी सांगायचं म्हणून."

पेन खाली ठेवून पूंगोदै थेट डॉक्टरांकडे धावली. "ही साबित्री नाही. हिचं नाव झुनू. हिला सिकलसेल आहे. नोंद माझ्या हातून पुसली गेलीय. पैसे मी भरते, पण हिच्याच नावानं घ्या." हमीवर तिनं स्वतःच्या नावानं सही केली.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, आधी रक्त चढवलं, मग शस्त्रक्रिया केली. तो सगळा वेळ पूंगोदै जिन्याच्या पायरीवर बसून होती. घरून नवऱ्याचे फोन येत होते, तिला ते घेववेनात. आणखी किती माणसं अशी एकमेकांखाली गाडली गेली असतील, हाच विचार तिचं डोकं कुरतडत होता. पोरगी शुद्धीवर आल्याचं परिचारिकेनं सांगितलं. साबित्रीनं पूंगोदैला हाताला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रांगेरांगेतून प्रत्येकाला नाव विचारत हिंडली. एकच फोन वापरणारी नवरा-बायको सापडली, मायलेकी सापडल्या. बरंच झालं, पगार अजून व्हायचा होता.

"आता आकडाच द्या, आपला आपण बनवलेला," तिनं पळनिसामींना सांगितलं.

"दे. पण त्यात विभाग घाल, वर्ष घाल. बघताक्षणी कळलं पाहिजे, माणूस कुठला."

"उद्या शिलाईतली बाई इस्त्रीत गेली की आकडा बदलायचा का, साहेब? त्यात काहीच अर्थ नको. नुसता आकडा. एकाला दिला की तो गेल्यावरही दुसऱ्याला द्यायचा नाही."

"काल मोबाइल म्हणालीस, आज हे. उद्या काय, कुंडली मागशील?"

बोलले खरे, पण तिनं सांगितलं तसं करू दिलं. त्या वर्षीची तिची पगारवाढ मात्र थांबवली. ती भांडली नाही.

झुनूला न्यायला तिची आई रायगडाहून आली. कारखान्याच्या फाटकाशी तिनं पूंगोदैचे दोन्ही हात धरले आणि आपल्या भाषेत कितीतरी वेळ बोलत राहिली. पूंगोदैला त्यातलं अक्षर कळलं नाही.

"साबित्री, तिला सांग, चूक माझीच होती."

त्या एवढ्याशा वाक्यासाठी साबित्री आईशी काहीतरी लांबलचक बोलली. आईनं मान हलवली, पण हात सोडले नाहीत. साबित्रीनं नेमकं काय सांगितलं, हे विचारायचं पूंगोदैच्या ओठांवर आलं होतं. मग बस आली.