वड्याच्या पिठातली चिठ्ठी

ये गो, अशी जवळ बस. लांबूनच हात हलवणाऱ्यांतली झालीस तू. दिवाळीला तुझ्याकडून पणतीचं चित्र येतं, पाडव्याला गुढीचं, आणि मी खाली अंगठा दाखवते. हे काय बोलणं झालं? चतुर्थीला दोडामार्गला आईकडे येऊन आठ दिवस राहिलीस, हे मला मासळीवालीनं सांगितलं. तिला माहीत आणि मला नाही. बरं, रागावून झालं. आता लिहिते.

हे पत्र तुझ्या घरचे बाकीचेही वाचणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. तू पुण्याला कॉलेजात होतीस. शेवटच्या वर्षाला तीन महिने कुठेतरी खरं काम करून दाखवायचं, त्याला इंटर्नशिप म्हणतात, आणि तिचं सर्टिफिकेट नसेल तर डिग्री अडते. कुडाळात औषधांच्या दुकानावर दोन खोल्यांत एक स्टार्टअप होतं. इकडच्या बायकांनी केलेलं कोकमाचं आगळ, फणसपोळी, मसाला असं सगळं ते इंटरनेटवरून मुंबई-पुण्याला विकत. आमच्या वाडीतल्या आम्ही चौघी त्यांना वड्याचं पीठ देत होतो, कोंबडीबरोबर खातात त्या वड्यांचं. तुला राहायला जागा हवी होती, माझी माडीवरची खोली रिकामी होती. तशी तू आलीस, एक बॅग आणि एक लॅपटॉप घेऊन. पहिल्या दिवशी तू मला विचारलंस की इथे रेंज कुठे येते. मी म्हटलं, पडवीत, तुळशीकडे तोंड करून. तेव्हापासून ती तुझी जागा झाली.

तुझं काम मला आधी कळलं नाही. सकाळी वस्तूंचे व्हिडिओ काढायचे आणि दुपारी रकाने भरायचे, एवढंच दिसायचं. माझ्या हातांचाही व्हिडिओ काढलास. तुझ्या साहेबांचा निरोप आला होता की आजींना नऊवारी नेसवा. मी म्हटलं, "नऊवारी मी लग्नातसुद्धा नेसूक नाय. मॅक्सीवर पीठ मळतंय, तसाच घे." तू फक्त हात घेतलेस, मनगटापर्यंत. माझी जाऊ शेजारी नारळ खवत होती. ती म्हणाली, "चला, तोंड नको म्हणतत. हात तरी सिनेमात गेले."

तो व्हिडिओ पुष्कळांनी बघितला आणि पीठ जोरात खपायला लागलं. आम्ही चौघी पहाटे उठून तांदूळ धुवायच्या कामाला लागलो. धुतलेले तांदूळ सावलीत वाळवायचे, डाळी, धणे, मेथी भाजायची, मग गिरणीवर जाऊन जाडसर दळून आणायचं. गिरणीवाला म्हणायचा, लग्न कोणाचं काढलंत. त्या दिवसांत मला तुझा अभिमान वाटायचा. आता सांगते, तेव्हा सांगितलं नव्हतं.

मग दुसरा महिना संपता संपता तुझा चेहरा बदलला. जेवताना तू ताटाकडे बघायचीस, माझ्याकडे नाही. मी दोनदा विचारलं, तू म्हणालीस डोकं दुखतं. ते डोकं कसलं होतं ते मला मागाहून कळलं. साहेबांनी तुला सांगितलं होतं की वस्तू फार झाल्यात, तीन बंद करायच्या आहेत, कुठल्या ते आकडे बघून तू काढ. तोच तुझा कॉलेजचा प्रोजेक्ट. आणि तुझ्या कागदावर सगळ्यांत खाली आमचं पीठ होतं. एकदा घेतलेलं माणूस पुन्हा घेतच नव्हतं. आगळ पुन्हा घेत, मसाला पुन्हा घेत, पीठ एकदाच. आकड्यांचं म्हणणं एवढंच की लोकांना पीठ आवडलं नाही. आणि तू तर दर रविवारी त्याच पिठाचे वडे खात होतीस.

रविवारीच उलगडा झाला. तू पडवीत बसली होतीस आणि माझा फोन वाजला. ठाण्याची एक बाई होती. मी विचारलं, "वडे फुगले?" ती म्हणाली, फुगले, पण दोन चपटे राहिले. मी म्हटलं तेल तापायच्या आधी सोडलेत तुम्ही. मग तिच्या सासूची कंबर, तिच्या माहेरचं गाव, आमच्या देवळाचा रस्ता, असं सगळं झालं, आणि शेवटी ती म्हणाली नातवाच्या बारशाला दोन किलो पाठवा. मी फोन ठेवला. तू लॅपटॉपवरून डोकं वर केलंस.

"आजी, ह्या बायेचो फोन खंयसून इलो?"

"खंयसून म्हणजे? तिच्या घरातसून."

"तसा नाय. तिका तुमचो नंबर कोणी दिलो?"

"मीच. पुडीत चिठ्ठी घातलंय ना."

तू उठून आत गेलीस, शिल्लक पुड्यांतली एक फोडलीस आणि चिठ्ठी बाहेर काढलीस. ती माझ्याच अक्षरात होती आणि जावेच्या मुलाने तिच्या प्रती काढून दिल्या होत्या. "कोमट पाण्यात मळा. चार तास झाकून ठेवा. हातावर थापा, लाटू नका. फुगले नाहीत तर फोन करा." आणि खाली नंबर.

आता मला सांग, दुसरं काय लिहिणार होते मी? आपण कोणाच्या घरी वाटीभर काही पाठवलं तर दुसऱ्या दिवशी विचारतोच ना, कसं झालं म्हणून. त्यात वड्याचं पीठ म्हणजे आगळ नव्हे, बाटली उघडली की झालं. शहरातली माणसं ते नळाच्या पाण्यात मळतात आणि लगेच तळायला घेतात. न विचारता पीठ देऊन गप्प बसणं मला जमलंच नसतं. माणसं फोन करत होती, बोलत होती, आणि बोलता बोलता मागत होती. मी नाक्यावरच्या मुंबईच्या गाडीत पार्सल ठेवत होते. गाडीवाला ओळखीचा, तो बोरिवलीला उतरवून देतो. यात मी कोणाचं काही घेतलं असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

फोन करणाऱ्यांची नावं मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते, ती तू घेतलीस आणि तुझ्या रकान्यांशी एकेक ताडून बघितलीस. मी भात वाढून दोनदा हाक मारली. तुझ्या रकान्यांतून हरवलेली सगळी माणसं माझ्या कॅलेंडरमागे होती. पिठात काही खोट नव्हती. मग तू मला समजावलंस की कंपनीच्या कागदावर लिहिलंय, पुडीत दुसरं काही घालायचं नाही, आणि खाली माझी सही आहे.

"सही केलंय," मी म्हटलं. "वाच म्हणान कोणी सांगूक नाय."

तू हसली नाहीस. म्हणालीस, "मी लिवला तर तुमचा काम जातला. नाय लिवला तरी जातला, आणि मी खोटी पडतलंय."

जाऊ तिथेच होती. तिला राग येतो तेव्हा ती भांडी जोरात ठेवते. तशी ती ठेवून म्हणाली, "आमच्या घरात रवतली, आमचे वडे खातली आणि आमचीच चाडी सांगतली. बरा शिक्षान." तू जिन्यावर होतीस. ऐकलंस ते मला तुझ्या पाठीवरून कळलं. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी ओटा पुसत राहिले. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की तू लिहू नयेस. चार घरांचं काम होतं ते. आणि तू मुलगी शहाणी आहेस, काहीतरी मधला रस्ता काढशील, असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहा न घेता कुडाळची एसटी पकडलीस.

त्या शुक्रवारी तू साहेबांपुढे सगळं मांडलंस. सोमवारी मला ऑफिसात बोलावणं आलं. साहेब तरुण, दाढी ठेवलेली, माणूस वाईट नव्हे. मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. म्हणाला, "आजी, तुमच्यावर राग नाही. पण चिठ्ठी बंद करावी लागेल. लोकांना काही विचारायचं असेल तर आमचं चॅट आहे."

मी विचारलं, "चॅटला वडा दिसतो का हो?"

तो हसला. मग त्याने तुझा कागद माझ्यापुढे केला. मला चष्मा काढायला वेळ लागला. त्यात तू लिहिलं होतंस, ही वस्तू बंद करावी असं मी म्हणत नाही. गिऱ्हाईक परत येतंय, फक्त आपल्याकडे येत नाही. फोनवर बोलण्याचं काम याच आजींना द्यावं. साहेब म्हणाला, कल्पना चांगली आहे, पण एवढ्या फोनांची सोय आत्ता होणार नाही. नंबर काढला तर पीठ राहील. तू काचेच्या पलीकडे बसली होतीस आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होतीस.

मी नंबर काढायला तयार झाले नाही. चौघींनी बसून ठरवलं तेव्हा दोघी काढा म्हणाल्या, दोघी नको म्हणाल्या, आणि मी नकोच्या बाजूला होते. हात माझे, अक्षर माझं, म्हणून माझं ऐकलं गेलं. पीठ यादीतून गेलं. काम कमी झालं हे खरं आहे, निम्म्याहून कमी. नवीन माणसं येत नाहीत, जुनीच फोन करतात. जाऊ अजून बोलून दाखवते. पण ती मला बोलते, तुला नाही. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

तुझा शेवटचा महिना आपण दोघींनी एका घरात पाहुण्यांसारखा काढला. मी विचारायचे भात हवा का, तू म्हणायचीस पुरे. सर्टिफिकेट मिळालं तेव्हा तू ते मला दाखवलंस, मी हातात घेऊन परत दिलं. पुढे पुण्याला नोकरी लागली ते मासळीवालीनेच सांगितलं. तू येत नाहीस याचं कारण मला ठाऊक आहे. तुला वाटतं, तू लिहिलंस म्हणून आमचं काम गेलं. गेलं ते मी नंबर काढला नाही म्हणून. तू लिहिलंस ते खरं होतं, आणि खरं लिहूनही तू आमच्यासाठी वाट शोधलीस. जिन्यावर तू उभी होतीस तेव्हा हे म्हणायचं होतं. आता म्हणते, उशिरा.

तर ये. फोनवर नको, पत्र नको, स्वतः ये. मालवणची गाडी पकड आणि वाडीच्या थांब्यावर उतर, पुढचा रस्ता तुला माहीत आहे. माडीवर हल्ली आमसुलं वाळत असतात, ती मी खाली आणीन. एक दिवस आधी कळव, म्हणजे जावेला सांगून ठेवते; तिलाही तुझ्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, ती कबूल करणार नाही. रजा मोठी नसेल तर शनिवारी येऊन सोमवारी जा. पण या महिन्यात ये.