एका मुळीचे दोन गुन्हे

पूर्व केंटकीतल्या आमच्या काउंटीत ऑर्विल टॅकेटइतका कायदा कुणालाच कळत नाही, असं ऑर्विल टॅकेटचं मत होतं. काउंटीचा पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ ड्वेन, त्याचा मावसभाऊ, न्यायाधीश हरणाच्या शिकारीतला सोबती. त्यामुळे कायदा म्हणजे घरचंच माणूस. पिऊन गाडी चरात घातली तरी ड्वेन त्याला घरी आणून सोडी. याला ऑर्विल न्याय म्हणत असे.

ऑगस्टात, खणायचा हंगाम उघडायच्या आधीच, तो सरकारी जंगलात शिरला आणि जिनसेंगच्या पोतंभर महागड्या औषधी मुळ्या उपटून निघाला. उतारावर जंगलाच्या अधिकाऱ्यानं गाडी अडवून पोतं जप्त केलं.

"माझ्या घरामागच्या टेकडीवरच्या आहेत," ऑर्विल म्हणाला.

अधिकाऱ्यानं नुसतं नाव विचारलं. टॅकेट हे नाव ऐकूनही त्याचा चेहरा हलला नाही, तेव्हा ऑर्विलला घाम फुटला. हा माणूस केंद्र सरकारचा होता, जंगलही केंद्राचं. सहा महिने आत जायची वेळ होती.

"तोंड बंद ठेव आणि वकील गाठ," बायको व्हर्ना घेवडा वाढताना म्हणाली.

"वकील कशाला? एका गुन्ह्याला दोनदा खटला चालत नाही, घटनेत लिहिलंय. मी आधी ड्वेनकडे गुन्हा कबूल करतो. मग केंद्रवाले बसतील हात चोळत."

"घटनेतलं एवढंच बरं पाठ तुला."

"एवढंच लागतं."

शेरीफच्या कचेरीत जाऊन तो म्हणाला, "ड्वेन, अटक कर मला."

"जेवू दे की रे आधी," ड्वेन म्हणाला.

काउंटीच्या न्यायाधीशानं फक्त 'गुन्हा कबूल?' एवढंच विचारलं होतं. पण समोर सगळं गणगोत बसलेलं. ऑर्विलनं भाषणच ठोकलं. कोणता ओढा, कोणती धार, केंद्राच्या हद्दीची पाटी कशी ओलांडली, सगळं रंगवून सांगितलं. तो मूर्ख किरकोळ दंड भरून मिशीला पीळ देत घरी आला.

केंद्राचा खटला तरीही उभा राहिलाच. तिथे त्याला सरकारी खर्चानं मिस होलब्रुक नावाची वकील मिळाली.

"मिस्टर टॅकेट, हंगामाआधी मुळ्या उपटल्यात, तो राज्याचा गुन्हा. केंद्राची मालमत्ता चोरलीत, तो केंद्राचा. आणि गुन्हा अगदी एकच असता, तरी दोन्ही सरकारांना आपापला खटला भरता येतो."

"पण मुळ्या त्याच ना, बाई?"

"मुळ्या त्याच. सरकारं दोन. शिवाय त्या जंगलातल्याच, याचा भक्कम पुरावा त्यांच्याकडे नव्हता. तो तुम्ही भर कोर्टात, सविस्तर दिलात."

सुनावणीत सरकारी वकिलानं ऑर्विलचं ते भाषण जसंच्या तसं वाचून दाखवलं. ऑर्विलनं प्रेक्षकांत नजर फिरवली. मावसभाऊ नव्हता, शिकारी सोबती नव्हता. एकटी व्हर्ना होती, जांभई देत. सहा महिन्यांची शिक्षा झाली.

मार्शल बेड्या घालेपर्यंत तो बाकावर शेजारच्या आरोपीला हलक्या आवाजात सांगत होता, "तू असं कर, आधी तुझ्या शेरीफकडे जा..."

"त्याला तरी सोड रे," व्हर्ना म्हणाली.