गाडीत पेटी, मागच्या सीटवर दोन गायिका

विमानाने झटक्यात होणारा ऑकलंड-ख्राइस्टचर्च प्रवास आम्ही गाडीने केला, त्याला कारण माझी पेटी. तिला विमानाच्या सामानात टाकायला माझं मन धजत नाही. नवरा म्हणाला, “मग तिच्यासाठी खिडकीची सीट घे!” मी गाडीची किल्ली घेतली.

ख्राइस्टचर्चला यंदा देशोदेशीच्या मराठी मंडळांची गाण्याची स्पर्धा होती आणि न्यूझीलंडतर्फे आमची लेक ईरा गाणार होती. हॅमिल्टनला निवड झाली तेव्हा सगळ्यांना एकच नवं गाणं दिलं होतं. ईरा पहिली आली, हॅमिल्टनची स्नेहल दुसरी. स्नेहल डेअरी कंपनीत इंजिनिअर आहे आणि तिचा गळा ईरापेक्षा तयार आहे, हे मलाही कळतं. राखीव गायिका म्हणून ती आमच्याच गाडीत येणार, त्यामुळे मला उगाच अवघडल्यासारखं होत होतं.

ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिने तीन कडवी न अडखळता म्हणावीत, एवढंच मला हवं होतं. आणि हे तिला ऐकवून ऐकवून मी तिचा जीव खाल्ला होता.

स्नेहल धपाट्यांचा डबा घेऊन गाडीत बसली आणि अवघडलेपण तिथेच संपलं. जाणार असाल तर टुरांगीला टाकी भरा, पुढे डेझर्ट रोडवर पंप नाही. रात्री वेलिंग्टनला मोटेलमध्ये राहिलो. दक्षिण बेटावर नेणारी फेरी बोट मात्र लवकर बुक करा, गाडीसकट ती स्वस्त पडत नाही. पण डेकवरचा तो वारा आणि खाडीतलं ते हिरवं पाणी! पैसे वसूल.

डेकवर ईरा म्हणाली, “आई, शाळेत कोणी स्पीच दिलं ना, की देअर पीपल स्टँड अप अँड सिंग अ वायाटा, अ माओरी साँग. माझ्यासाठी कोण?”

“ही स्पर्धा आहे, बाळा. एकटीनेच गायचं.”

काइकोऊराला दगडांवर सील लोळत होते. दोघी त्यांना बघत गरम चिप्स खात बसल्या. तिथे नक्की थांबा.

स्पर्धेत दोन कडवी छान झाली. तिसऱ्याला ईरा थांबली. मी पेटीवर तीच ओळ पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. ती माझ्याकडे बघत राहिली, डोळे भरलेले.

तेवढ्यात प्रेक्षकांतून आवाज आला. स्नेहल उभी राहून गात होती. मग हॅमिल्टनच्या निवडीत गायलेले आणि इथे ऐकायला आलेले बाकीचेही उठले. गाणं सगळ्यांनाच पाठ होतं. ईराने मान वर केली आणि त्यांच्या सुरात सूर मिसळून कडवं पूर्ण केलं. मला पेटीच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या.

“गोड झालं,” परीक्षक म्हणाले, “पण हे एकल गायन होतं.” गुण कापले गेले. आम्ही शेवटचे आलो.

“सॉरी ताई, राहवलंच नाही,” स्नेहल म्हणाली. सॉरी कसलं! मी तिला मिठीच मारली. तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आता ऑकलंडला माउंट रॉस्किलच्या घरी पेटी जागेवर आहे आणि गाडीत अजून धपाट्यांचा वास येतो. काल मी चहा पीत बसले होते. ईरा भांडी पुसता पुसता तेच गाणं म्हणत होती. तिसऱ्या कडव्याशी थांबली. मी बसल्या जागेवरूनच पुढची ओळ सांगितली.

“असं नाही, आई,” ती म्हणाली. “उभी राहा ना.”

मी कप खाली ठेवला आणि उभी राहिले.