निरगुडीची शेवटची वई

माझे बाबा घोड्यांना उडी मारण्यासाठी कुंपणं विणायचे. हे सांगितलं की लोक हसतात आणि माझं डोकं फिरतं. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी घोडेस्वारीचं एक मैदान आहे. तिथे दर हिवाळ्यात उड्यांची शर्यत होते, एकामागून एक सात कुंपणं. गिरणी बंद पडल्यावर बाबा तिथे माळी म्हणून लागले. पुढे निवृत्त होईपर्यंत ती सातही कुंपणं त्यांच्याच हातची होती.

आधी तिथे करकचून बांधलेले बांबू असायचे. ते बघून बाबांनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. शर्यतीतला घोडा कुंपणाच्या पार वरून जात नाही, वरचा हातभर भाग पोटाने सारत जातो. तो मऊ हवा. बाबांना घोड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गावी मालवणच्या बाजूला दरवर्षी घरामागच्या परड्याभोवती वई, म्हणजे फांद्यांचं कुंपण, घालायची असते आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी नाल्याकाठी निरगुडी लावली. तिच्या ओल्या फांद्यांनी खाली दाट वीण घालायची आणि वरचे शेंडे मोकळे सोडायचे. वई झाली की आजूबाजूला निरगुडीचा कडवट वास सुटायचा. तो वास मला अजून आवडतो.

मग परीक्षा. बाबा शेंड्यांमधून स्वतःचा उघडा हात फिरवायचे आणि मान हलवायचे. "माझा कातडा राठ झाला. तुझो हात दी गो."

मी बाही वर करून हात द्यायचे. सातही कुंपणांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओरखडा उठला की बाबा तिथे फुंकर घालायचे आणि तेवढी वीण उसवायला बसायचे. मैदानाचे साहेब घाई करायचे. बाबा "होय साहेब" म्हणायचे आणि उसवत राहायचे. एवढा नम्र आणि एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. शर्यतीच्या दिवशी घोडे वईवरून गेले की शेंडे सळसळून वाकायचे आणि परत उभे राहायचे. तिथली एक तांबडी घोडी माझी विशेष लाडकी होती, आणि तिच्या पोटाला काही लागत नाही ते माझ्यामुळे, अशी माझी खात्री होती.

दहावीत मी जाणं बंद केलं. वर्गातल्या मुलींनी हातावरचे ओरखडे पाहून विचारलं आणि मला लाज वाटली. बाबांना सांगितलं, अभ्यास आहे. त्याच हिवाळ्यानंतर तांबडी घोडी मैदानात दिसेनाशी झाली. म्हातारी झाली म्हणून नाशिककडे कुणाच्या शेतावर पाठवली, असं बाबा म्हणाले.

यंदा मैदान नवं झालं. बाबांच्या हातच्या सहा वया उखडल्या आणि कारखान्यातून आलेले अडथळे बसवले. खाली फोम, वर प्लॅस्टिकचे हिरवे केस. डोंगराकडची एक वई तेवढी उरली. मला हे कळलं तेव्हा माझा संताप अनावर झाला. बँकेत लोकांचे अर्ज नाकारण्यात माझी हयात गेली, त्यामुळे नाकारता येणार नाही असा अर्ज कसा लिहायचा ते मला बरोबर ठाऊक आहे. ही शेवटची वई वारसा म्हणून जपावी, असा दोन पानी अर्ज मी लिहिला. खाली बाबांची सही हवी होती. रविवारी सकाळी मी त्यांना घेऊन मैदानावर गेले. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत.

मैदान सांभाळणारी बाई तरुण होती, स्वतः घोडेस्वार. भांडायची माझी तयारी होती, पण ती बाबांच्या पायाच पडली. "काका, नवीन अडथळा बघा ना. बिनधास्त हात लावा."

बाबा नव्या अडथळ्यापाशी गेले. फोम दाबून पाहिला, गुडघा लावून पाहिला. मग प्लॅस्टिकच्या केसांमधून हात फिरवला आणि माझ्याकडे वळले. "तुझो हात दी गो."

पन्नाशीतल्या मी निमूटपणे बाही वर केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत साधी रेघसुद्धा उठली नाही.

बाबा तिथेच गवतावर बसले. "बेस आसा," म्हणाले. "ह्या तेव्हा असता तर तांबडी मेली नसती."

मला वाटलं, वयोमानाने त्यांचा घोटाळा होतोय. "बाबा, ती नाशिकला गेली होती."

"खंय गो नाशिक. चौथ्या वईत एक सुकी काठी तशीच रवली होती. पोटाक लागली, घोडी वरच्या वर वळली नि पडली. पाय मोडलो, मगे तिका मारूची लागली." आपल्या राठ हाताकडे पाहत ते म्हणाले, "त्या सालात मी माझ्याच हातान बघितलंय. माका कायच लागला नाय."

त्या साली मी नव्हते, हे ते बोलले नाहीत. इतकी वर्षं बोलले नव्हते. मी अर्ज पर्समध्ये परत ठेवला.

"ती शेवटची रवलेली वई काढूया," बाबा त्या बाईला म्हणाले. "मी बांधलंय, मीच सोडतलंय."

त्यांच्याने वाकवेना, म्हणून ते सांगत गेले आणि मी सोडत गेले. निरगुडी कधीच वाळून गेली होती, पण वीण सुटता सुटत नव्हती. इतक्या वर्षांनीही ती कुठे सैल नव्हती, हे पाहून माझा ऊर भरून आला. निम्म्यावर आलो असताना कोपरापासून मनगटापर्यंत लांब ओरखडा उठला आणि रक्त आलं. मी हात मागे लपवला.

बाबांनी तो ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला आणि त्यावर फुंकर घातली. मला रडू आवरेना. "बाबा, मी तेव्हा यायला हवं होतं," मी म्हणाले.

"आज इलंस मा," ते म्हणाले, आणि पुढची फांदी दाखवली.