दबलेली लाइन

आमच्या वीज ऑफिसातले लाइनमन काका प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचे. खांबावरून एकदा ओरडलेलं खाली ऐकू जात नाही, त्याची ती सवय. ऑफिसात कॉम्प्युटर नुकताच आला होता. मी त्यावर लाइनींचा नकाशा काढत होतो. काका चष्मा कपाळावर चढवून शेजारी बसले. "परसवाड्याले दोन लाइनी आहेत बाबू. दोन आहेत."

मी बालाघाट आणि परसवाडा दोन रेषांनी जोडले. दुसरी रेष नेमकी पहिलीवर बसली आणि एकच दिसू लागली.

"तिले थोडी वाकवा. वाकवा थोडी, नाही तं दिसन कशी?"

मला घरी जायची घाई होती. "आहे ना खाली," म्हणालो आणि प्रिंट काढली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी प्रिंट पाहून सगळ्यांसमोर विचारलं, "दुसरी लाइन कुठे आहे?"

"काका सगळंच दोनदा बोलतात साहेब. मला वाटलं, लाइन एकच असेल," मी म्हणालो.

सगळे हसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"हौ साहेब. माह्याच सांगण्यात चूक झाली."

मी प्रिंटकडे बघत राहिलो. काका हेही दोनदा म्हणतील म्हणून थांबलो. ते म्हणाले नाहीत.