माझ्या साडूंची दोन चाकांची अट

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जलेखन, बैठक तहसील कचेरीबाहेरील कडुनिंबाखाली, राहणार इतवारी, नागपूर. गैरअर्जदार : माझे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, हिंगण्याच्या एका कारखान्यातील कामगारांच्या बसचे निवृत्त चालक. साक्षीदार : एक, माझी पत्नी, दोन, तिची थोरली बहीण, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत माझी आकडसासू, तीन, कळमन्याच्या बाजारातील हमाल मंडळी, ज्यांना हसण्याच्या भरात स्वतःची नावे सांगता आली नाहीत. घटनेचा कालावधी : गेल्या दिवाळीपासून आजतागायत. तक्रारीचा विषय वर दिलाच आहे. तपशील खालीलप्रमाणे सविनय सादर.

नागपूर शहरात मोटार चालविणारा असा एकही इसम मला ठाऊक नाही, ज्याला माझ्या साडूंनी मनातल्या मनात नापास केलेले नाही. डॉक्टर असो, वकील असो, लाल दिव्याच्या गाडीतला साहेब असो, साडू त्याच्या पदाकडे पाहत नाहीत. तो मोटारीतून उतरतो कसा, हे पाहतात. दार उघडण्यापूर्वी ज्याने मान वळवून मागे पाहिले तो पास, कारण तो पूर्वी दोन चाकांवर बसलेला आहे व कोणाच्या तरी उघड्या दारावर आदळता आदळता वाचलेला आहे, असे ते छातीठोकपणे सांगतात. ज्याने न पाहता दार उघडले तो नापास. संध्याकाळी ते आपल्या फाटकाशी स्टूल टाकून बसतात आणि समोरच्या मिठाईच्या दुकानाशी थांबणाऱ्या मोटारींचे निकाल लावतात. एकदा त्या दुकानाच्या मालकाने विचारले की, काका, माझ्या गिऱ्हाइकांकडे असे डोळे वटारून काहून पाहता. साडू म्हणाले, "तुह्या पेढ्यावर डोळा नाही गा माहा. परीक्षा घेऊन राहिलो."

त्यांचा सिद्धान्त एकच व तो त्यांनी कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही. ज्याने मोटारसायकल चालविली नाही, त्याच्या हाती मोटारीची चावी देऊ नये. यास अपवाद नाही. विनागिअरची स्कूटर चालेल काय, असे माझ्या पत्नीने विचारले असता, ती वाहनात नव्हे, खुर्चीत मोडते, असे उत्तर मिळाले. घरात मुलीला पाहण्यासाठी पाहुणे येतात तेव्हा सर्व मंडळी मुलाचा पगार विचारतात. साडू विचारतात की, दोन चाकांवर किती वर्षे होता. आमच्या पुतणीला पाहायला आलेल्या एका मुलाने, मी थेट मोटारच शिकलो, असे अभिमानाने सांगितले. साडूंनी हातातली तर्री-पोह्यांची बशी खाली ठेवली, मुलाला अंगणात नेले, आपल्या मोटारसायकलवर मागे बसविले आणि भर दुपारी वर्धा रोडपर्यंत फिरवून आणले. मुलगा परतला तेव्हा त्याच्या पापण्यांवर धूळ होती. त्याने घटाघट पाणी पिऊन सर्वप्रथम सांगितले की, ट्रक एवढे मोठे असतात हे त्याला माहीत नव्हते. साडूंनी तत्काळ पोह्यांची बशी पुन्हा उचलली. ते लग्न सुखरूप पार पडले.

दुसऱ्याच्या मोटारीत बसले तरी त्यांची दोन चाके सुटत नाहीत. वळण आले की आतल्या बाजूला झुकतात, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाला खांद्याची तयारी ठेवावी लागते. रस्त्यात डबके दिसले की काचा बंद असतानाही दोन्ही पाय उचलतात.

येथे हे नमूद करणे न्यायाचे होईल की, साडू जन्मतः असे नव्हते. हिंगण्याची बस चालविताना तेही इतरांसारखेच होते. पाळी सुटली की कामगारांच्या मोटारसायकली रस्ताभर पसरत आणि साडू हॉर्नवर तळहात ठेवूनच निघत. एकदा ते रजेवर असताना त्यांची बस बदली चालकाकडे होती, आणि साडू काही कामाने त्याच रस्त्याने मोटारसायकलवर चालले होते. मागून बस आली व अगदी जवळून पुढे गेली. धक्का लागला नाही. फक्त वारा लागला. त्या वाऱ्याने साडू मोटारसायकलसह रस्त्याखाली मुरमात उतरले. धूळ बसल्यावर त्यांनी बसचा मागचा क्रमांक वाचला. हा प्रसंग त्यांनी मला सांगितला तेव्हा ते प्रथमच हळू आवाजात बोलत होते. "साडूभाऊ, माह्याच बसनं मले ढकललं. तो डायवर माह्यासारखाच चालवून राहिला होता. एवढे वर्षं मी किती जणाले असं उतरवलं असंन, मले मालूमच नाही." दुसऱ्या दिवसापासून त्यांची बस मोटारसायकलींना वाट देत चालू लागली आणि कामगार घरी उशिरा पोहोचू लागले. त्याबद्दल त्यांच्याविरुद्ध एक सामूहिक निवेदन गेले होते. ते लिहून देण्याचे मी नात्यास्तव नाकारले.

आता मूळ तक्रारीकडे वळतो. माझी एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. जावई नोकरीनिमित्त परगावी असल्याने त्यांनी आपली जुनी मोटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भांड्याच्या दुकानापुढे, मालकाच्या परवानगीने उभी करून चावी माझ्या हाती दिली. वेळप्रसंगी रिक्षा शोधत फिरायला नको, हा हेतू. अडचण इतकीच की, मी आयुष्यभर सायकलवर फिरलो. माझे शिक्षण नववीत थांबले असले तरी शासनाला समजेल अशी भाषा लिहिणारा मनुष्य या भागात मीच, त्यामुळे वाहन शिकण्यास सवड झाली नाही. मुलगी मात्र रोज विचारी की, बाबा, शिकलात काय. मी म्हणे की, काम प्रगतिपथावर आहे. प्रत्यक्षात मी साडूंकडे गेलो होतो व त्यांनी मोटारीकडे ढुंकूनही न पाहता मला मोटारसायकलचा शिकाऊ परवाना काढायला लावला होता. बाळंतपण तोंडावर आहे, ही बाब मी निदर्शनास आणून दिली. ते म्हणाले, "म्हणूनच तं. लेकीले घेऊन जाणार आहा तुमी. मंग तं दोन चाकंच पयले."

कळमन्याच्या बाजारात रविवारी लिलाव आटोपला की संत्र्यांच्या ओट्यामागे मोकळी जागा राहते. तेथे माझे शिक्षण झाले. क्लच सोडताना मी श्वासही सोडत असे, त्यामुळे गाडी व मी एकाच वेळी बंद पडत असू. वळण घेण्याऐवजी मी वळणाकडे पाहत सरळ जाई आणि पेट्यांत भरण्यासाठी ठेवलेल्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात शिरे. हमाल मंडळी पोत्यांवर बसून हे पाहत. त्यांतील एकाला माझा धंदा कळला होता. तो म्हणाला, "काका, एक अर्ज करून पाहा ना गाडीले. वळते काय पाहू." साडूही हसले, हे मी या ठिकाणी मुद्दाम नोंदवितो. तथापि, महिना-दोन महिन्यांत मी परीक्षकांसमोर आठचा आकडा काढला व मला मोटारसायकलचा पक्का परवाना मिळाला. मोटार अजून जागची हललेली नव्हती.

ज्या रविवारी मोटारीचा पहिला धडा ठरला, त्याच सकाळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीच्या बरेच आधी, मुलीला कळा सुरू झाल्या. साडू माझ्या ओसरीवर चहा पीत होते. सणाचे दिवस असल्याने इतवारी रविवारीही उघडी होती; मोटारीपुढच्या रस्त्यात हातगाड्या, टेम्पो, कापडाचे गठ्ठे. पत्नीने मुलीला धरून मोटारीत बसविले. साडू चालकाच्या जागी बसले. मी मुलीशेजारी बसण्यास निघालो, तोच त्यांनी आपल्या मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात दिली.

"तुमी समोर चाला. रस्ता करा. मी मांगं येतो."

मी म्हणालो की, मुलीपाशी माझी गरज आहे.

"तिच्यापाशी तिची माय आहे. तुमचं काम समोर आहे."

मी हेल्मेट चढविले व निघालो. आयुष्यात प्रथमच मी मोठ्या आवाजात बोललो. हातगाडीवाल्यांना, कृपया आपले वाहन बाजूस घेण्यात यावे, असे सांगून पाहिले; कोणी हलले नाही. मग जी भाषा मी घरातही वापरत नाही ती तोंडातून निघाली आणि गर्दी फाटत गेली. एका टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून विचारले, "कोण्या मंत्र्याचा पायलट होय गा?"

"नाही जी," मी म्हणालो, "आजोबा होऊन राहिलो."

त्याने टेम्पो मागे घेतला आणि पुढच्या टेम्पोलाही ओरडून मागे घ्यायला लावला.

मोठ्या चौकात, नेमके मधोमध, माझी गाडी बंद पडली. चहूकडून हॉर्न सुरू झाले. किक बसत नव्हती. मी आरशात पाहिले. साडूंनी मोटार माझ्या मागे तिरपी उभी केली होती, जेणेकरून मागचे कोणतेही वाहन माझ्यापर्यंत येऊ नये. एक हात खिडकीबाहेर काढून ते सर्वांना थोपवीत होते. मागच्या दाराच्या काचेला माझ्या मुलीचे कपाळ टेकलेले दिसत होते. त्या चौकात त्या मोटारीइतकी घाई दुसऱ्या कोणालाही नव्हती, आणि हॉर्न फक्त तीच वाजवत नव्हती. किक बसली. दवाखाना आला. मला नात झाली.

पेढे आले, जावयांना फोन गेला, पत्नी रडली. साडू माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की, चौकात क्लच लवकर सोडला होता.

यथावकाश मुलगी व नात सासरी गेल्या. जावई म्हणाले, मोटार राहू द्या, बाबा, शिका निवांत. ती अजून भांड्याच्या दुकानापुढे उभी आहे. साडूंनी शिकविण्याचे कबूल केले आहे. परंतु दर रविवारी काही ना काही निघते. कधी ऊन फार, कधी टायरमध्ये हवा कमी, कधी आधी घाट चढून पाहू म्हणतात. मग आम्ही मोटारसायकलवरच निघतो. अलीकडे त्यांच्या गुडघ्याला किक मारवत नाही, म्हणून किक मी मारतो, चालवितोही मीच, आणि ते मागे बसून वळण आले की माझा खांदा हलकेच दाबतात. मी माझ्या आकडसासूकडे याबाबत विचारणा केली. ती म्हणाली, "भाऊजी, बसची नोकरी सुटल्यापासून हे घरात बोलतच नाही पाहा. पोट्टा पुण्याले. रविवार आला का मात्र पहाटीच उठून दाढी करते अन् तुमची वाट पाहत फाटकापाशी उभे राहते."

सबब, सुज्ञ वाचकांस नम्र विनंती की, वरील परिस्थितीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा व माझ्या साडूंनी, मला मोटार शिकविण्यास ते नेमका कधी प्रारंभ करणार, याचा खुलासा करावा. खुलाशासाठी त्यांनी मुदत मागितल्यास ती देण्यात यावी. पुन्हा मागितल्यास पुन्हा देण्यात यावी. त्यास अर्जदाराची कोणतीही हरकत नाही, आणि पुढेही राहणार नाही.