तिसऱ्या लेव्हलची लपलेली लाइफ

मंडळी, दुपारपासून डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे लिहितेय.

इथल्या रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून लहानपणीच्या त्या उड्या मारत पुढे जायच्या व्हिडिओ गेमचा संच आणला होता. आज रविवार, वेलचेरीच्या माझ्या घरी टीव्हीला जोडला. तिसऱ्या लेव्हलला त्याच जुन्या खड्ड्यात चार वेळा मेले.

नाशिकहून आलेली आई शेजारी गवार मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "खड्ड्याच्या अलीकडे जागच्या जागी उडी मार. वर लपलेली लाइफ आहे."

मारली. मिळाली!

"तुला कसं माहीत?"

"तूच सांगितलं असशील कधीतरी."

अहो, मलाच माहीत नव्हतं! 'डोळे फुटतील' म्हणून ओरडणारी बाई हीच ना? परीक्षा आल्या की गेम कपाटात कुलूपबंद, किल्ली हिच्याकडे. एकदा शाळेतून आले तर गेमची वायर टीव्हीला लागलेली. मी बाबांना दादाचं नाव सांगितलं. बिचाऱ्याने मार खाल्ला. आजही तो शपथेवर सांगतो, 'मी नव्हतो.'

"आई, त्या दिवशी वायर कोणी लावली होती गं?"

"कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या बघ."

कुकर अजून लावलेलाच नव्हता.

मग गवारीचं ताट बाजूला सारून तिने हात पुढे केला. "दे इकडे. चौथी लेव्हल तुला जमायची नाही."

आता सांगा, दादाला फोन करून माफी कुणी मागायची? मी, की आईने?